आठ खंडांचा नेम

मैत्रिणींनो, पाडव्याला गुढी उभारून झाली, कडुलिंबाची चटणी तोंडात टाकून झाली, की आपण बायका मनातल्या मनात काहीतरी ठरवतोच. यंदा वजन उतरवायचं. यंदा भिशीचे पैसे मध्येच मोडायचे नाहीत. यंदा माळा एकदाचा आवरायचा. असे संकल्प सोडायला पाणीसुद्धा लागत नाही आणि ते सुटायला आंब्याचा मोसमही संपावा लागत नाही. पण तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला मी जो नेम धरला, तो वर्षभर चालला आणि पुऱ्या फाल्गुनात तडीला गेला. म्हणून तो तुम्हाला सांगावासा वाटतो.

नेम होता वाचनाचा. गोविंद सखाराम सरदेसाई यांची 'मराठी रियासत' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. आठ खंड. तुमच्या गावच्या वाचनालयातही असतील. बहुधा सगळ्यांत वरच्या फळीवर, जिथे स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हौस कशाला? त्याचं असं झालं. आम्ही साताऱ्याचे. खिडकी उघडली की समोर अजिंक्यतारा. सुट्टीत आलेली भाची किल्ल्यावर जाऊन आली आणि विचारू लागली, "मावशी, ताराबाई इथे राहत होती ना? मग ती कोल्हापूरची कशी? आणि ती चांगली की वाईट?" दोन वाक्यांच्या पुढे काही सांगता येईना. तीस वर्षं ज्या किल्ल्याकडे बघत मी पोळ्या लाटल्या, त्याच्याबद्दल मला शाळेतल्या धड्याइतकंच ठाऊक होतं. मुलगा पुण्याला शिकायला गेला होता, मुलीचं कॉलेज दुपारचं. दीड ते अडीच हा तास घरात कुणाचाच नव्हता. मग तो माझा, असं मी ठरवून टाकलं.

हिशेब सोपा केला. आठ खंड, बारा महिने. म्हणजे खंडाला दीड महिना. आपण वर्षाचे गहू भरतो तेव्हा पोत्याकडे बघून घाबरतो का? रोजचं दळण किती, एवढंच बघतो. तसंच हे.

पण मैत्रिणींनो, पुस्तक जाड असण्याची अडचण नसते. अडचण असते ती लोकांच्या प्रश्नांची. हे म्हणाले, "कसली परीक्षा देणार आहेस का?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरेट करताय वाटतं!" दूधवाल्यापासून सगळ्यांना एकच पडलेलं, की याचा उपयोग काय? बाईनं दुपारी झोप काढली तर कुणी उपयोग विचारत नाही. मालिका बघितली तरी विचारत नाही. पण हातात जाड पुस्तक दिसलं की त्याचा उपयोग सांगावा लागतो. पहिले दोन महिने मी उत्तरं देत बसले. नंतर नुसतं हसून पान उलटायला शिकले.

सरदेसायांविषयी थोडं सांगते. हे मूळचे रत्नागिरीकडचे, १८६५ साली जन्मलेले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा म्हणून टिपणं काढू लागले आणि त्या टिपणांची रियासत झाली. आधी १८९८ साली 'मुसलमानी रियासत' निघाली, मग मराठी रियासतीचे भाग निघू लागले, आणि पुढे तीसहून अधिक वर्षं हे काम चाललं. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून. जर्मनीत शिकायला गेलेला तरुण मुलगा श्यामकांत तिकडेच वारला, तरी लेखणी खाली ठेवली नाही. निवृत्तीनंतर कामशेतला राहून पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग संपादून काढले. १९५९ साली गेले तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. असा माणूस रोज थोडं थोडं लिहून एवढं लिहू शकतो, तर आपल्याला रोज थोडं थोडं वाचायला काय हरकत आहे?

पहिला महिना जड गेला, हे मात्र आधीच सांगून ठेवते. नावांचा गुंता फार. संभाजी दोन, शिवाजी तीन-चार, बाजीराव दोन, माधवराव दोन. कोण कुणाचा चुलता आणि कोण कुणाचा सावत्र भाऊ, हे दुसऱ्या दिवशी विसरायला होई. मग मी वाणसामानाच्या वहीची मागची पानं उघडली आणि तिथे वंशावळी काढू लागले. पुढच्या बाजूला तूरडाळ, शेंगदाणे, कपड्यांचा साबण. मागच्या बाजूला भोसले, भट आणि होळकर. वही महिनाभरात दोन्हीकडून भरत आली.

वर्षाच्या मध्यावर एक नवीन श्रोता मिळाला. आमच्या सासूबाई. वय ब्याऐंशी, शाळा चौथीपर्यंत, डोळ्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. दुपारी माझ्यासमोर बसून तांदूळ निवडायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "मनातल्या मनात काय वाचतेस? मोठ्यानं वाच की. पोथी का अशी वाचतात?" तेव्हापासून रियासतीची पोथी झाली. रोज वाचायला बसले की विचारायच्या, "काल कुठवर आलो होतो?" आणि आदल्या दिवशीचं मला आठवलं नाही तरी त्यांना बरोबर आठवायचं.

सासूबाईंचे प्रश्न मात्र पुस्तकात न मावणारे. येसूबाईंचं प्रकरण आलं. १६८९ साली संभाजीराजे मारले गेले. राजारामांनी रायगडावरून बाहेर पडावं, राज्य राखावं, असं येसूबाईंनी सांगितलं आणि सात वर्षांच्या शाहूला घेऊन त्या स्वतः गडावर राहिल्या. गड पडला, मायलेक मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ साली औरंगजेब मेल्यावर शाहू सुटला. आई मात्र ओलीस म्हणून मागेच राहिली. बाळाजी विश्वनाथ दिल्लीला जाऊन आले तेव्हा, म्हणजे १७१९ साली, ती सुटून आली. मी वाचत गेले तशी सासूबाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "जवळजवळ तीस वर्षं! अगं, त्या दिवशी जन्मलेल्या मुलीचं लग्न होऊन तिलाही मुलं झाली असतील. आणि या बाईनं तिथे काय केलं? सण केले का? कुणाशी बोलली? आजारी पडली तर कपाळावर हात कुणी ठेवला?" मी पुढची पानं चाळली. लढाया होत्या, तह होते, सनदा होत्या. तीस वर्षांचा तो रोजचा दिवस कुठे नव्हता. "नसेलच," त्या म्हणाल्या. "तो कोण लिहून ठेवतो?"

ताराबाईंचं उत्तर मात्र भाचीसाठी सापडलं. राजाराम १७०० साली सिंहगडावर वारले तेव्हा ही बाई पंचविशीतली, पदरात चार वर्षांचा मुलगा. सात वर्षं तिनं औरंगजेबाशी लढा चालवला. पुढे शाहूशी गादीवरून भांडली, कोल्हापूरला वेगळी गादी मांडली. १७१४ साली सवत राजसबाईनं तिलाच कैदेत टाकून आपल्या मुलाला गादीवर बसवलं. मुलगा डोळ्यांदेखत गेला. म्हातारपणी साताऱ्याला आली आणि १७५० साली, पंचाहत्तरीला, तिनं छत्रपती रामराजालाच आमच्या या किल्ल्यावर अडकवून ठेवलं. चांगली की वाईट? सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला, "दमली नाही, एवढं खरं." मला दिसलं ते निराळंच. ही जन्मली १६७५ साली, तेव्हा शिवाजीमहाराज हयात होते. वारली १७६१ च्या डिसेंबरात, पानिपत होऊन गेल्यावर. म्हणजे ज्याला आपण इतिहासाचे वेगवेगळे कालखंड म्हणतो, ते सगळे एका सुनेनं, एका सासूनं, एका आजीनं बघितले. भाचीला मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "मावशी, पुढच्या सुट्टीत आपण माहुलीला जाऊ." कृष्णा-वेण्णेच्या संगमावर ताराबाईंची समाधी आहे. गेलोही.

थोरल्या बाजीरावांनी तर मला हसवलं. एवढा मोठा सेनापती, वीस वर्षं पेशवाई, आणि आयुष्यभर कर्जानं बेजार. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रं काय लिहायचे, तर सावकारांचा तगादा सोसवत नाही म्हणून. फौजेचा पगार द्यायचा, मोहीम संपवायची, आणि वसुली येईपर्यंत हातात दमडी नाही. धावडशी आमच्यापासून जवळच. मी ह्यांना म्हटलं, "बघा, महिनाअखेर पेशव्यांनाही चुकली नाही." तेव्हापासून कसली परीक्षा, हा प्रश्न बंद झाला आणि जेवताना "आज काय झालं?" अशी चौकशी सुरू झाली.

पानिपत आलं ते पौषात. थंडीचे दिवस, मटार स्वस्त झालेले. सासूबाईंच्या पुढ्यात शेंगांची टोपली. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या सुमाराची लढाई. तिथे सदाशिवरावभाऊंची बायको पार्वतीबाई छावणीतच होती. धुमश्चक्रीत तिला काही लोकांनी बाहेर काढलं आणि ती जिवंत परत आली. भाऊ आले नाहीत. पण ते गेले, हे तिनं कधीच मान्य केलं नाही. वैधव्याची कुठलीही खूण अंगावर येऊ दिली नाही. पुढे भाऊंच्या नावानं एक तोतया उभा राहिला, त्यानं प्रांतच्या प्रांत ढवळून काढले, १७७६ साली त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई वाट बघतच राहिल्या, १७८३ साली वारेपर्यंत. बावीस वर्षं.

मी वाचायची थांबले, कारण मटार सोलल्याचा आवाज थांबला होता.

"माझी आत्या अशीच होती," सासूबाई म्हणाल्या.

लग्न होऊन मला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि या आत्यांचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे यजमान रंगूनला एका पेढीवर कारकून होते. १९४१ च्या डिसेंबरात रंगूनवर बाँब पडले. त्याआधीचं एक पत्र, त्यानंतर काही नाही. चालत परत आलेल्या माणसांपैकी कुणी म्हणे वाटेत दिसले होते, कुणी म्हणे तापानं गेले. आत्या माहेरी राहिली ती कायमची. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. हळदीकुंकवाला बायका अडखळायच्या. बोलवावं तरी पंचाईत, न बोलवावं तरी पंचाईत. शेवटी बोलावणं बंद झालं. वटपौर्णिमेला गर्दी ओसरल्यावर एकटी जाऊन फेरे घालून यायची. पोरंटोरं पाठीमागून काहीबाही बोलायची.

"ती गेली तेव्हा माझं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती," सासूबाई सांगत होत्या. "मी माहेरी आले होते. ओसरीवर पुरुषांचा वाद चाललेला. सवाष्ण म्हणून न्यायची की विधवा म्हणून? शास्त्र काय, लोक काय म्हणतील! तासभर झाला तरी निकाल लागेना."

"मग कुणी ठरवलं?"

"माझ्या आईनं. ती वादात पडलीच नाही. आत गेली, स्वतःच्या ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून आणलं, आत्याला नेसवलं, मळवट भरला, आणि ओसरीवर येऊन म्हणाली, तयारी झालीय."

त्यांनी पुन्हा एक शेंग उचलली. सोलली नाही, नुसती हातात धरली. म्हणाल्या, "पेशव्यांच्या वाड्यात चाललं म्हणजे. मग आमच्या आत्यालाच का गं हसायचे सगळे?"

मैत्रिणींनो, 'उपयोग काय' असं मला वर्षभर ज्यांनी विचारलं, त्यांना द्यायला माझ्याजवळ त्या दुपारी उत्तर होतं. पण ते सांगण्याजोगं नव्हतं. साठ वर्षांच्या आसपास एक बाई मनात एक गोष्ट बाळगून होती. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितली नव्हती. आम्ही कुणी वाईट वागलो असंही नाही. जेवणखाण, औषधपाणी सगळं वेळच्या वेळी होतं. पण बोलायला निमित्त लागतं. ते निमित्त दोनशे साठ वर्षांपूर्वीच्या एका बाईनं आणून दिलं.

पुढचे खंड आम्ही दोघींनी अधिक हावरेपणानं वाचले. १७७३ साली अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला, गंगाबाईंना दिवस गेलेले. सगळ्या कारभाऱ्यांचे डोळे एका बाळंतपणाकडे लागलेले. त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं, आणि १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. "मुलगी झाली असती म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं आणि आम्ही दोघी गप्प झालो. अहिल्याबाईंची कारकीर्द, १७६७ ते १७९५, ऐकताना मात्र त्या ताठ बसायच्या. १८१८ साली पेशवाई बुडाली, तोवर फाल्गुन लागला होता. शेवटचं पान मी होळीच्या आदल्या दिवशी वाचलं. सासूबाईंनी पोथी संपल्यावर करतात तसा पुस्तकाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "उद्या पुरण जरा जास्त घाल."

हे जुनं पुस्तक आहे, हे मात्र ध्यानात असू द्या. सरदेसायांनी लिहिल्यानंतर पुष्कळ कागद नव्यानं उजेडात आले, मतं बदलली. संभाजीराजांचंच घ्या. वा. सी. बेंद्रे यांनी आणि पुढे डॉ. कमल गोखले यांनी साधनं धुंडाळून त्यांचं चित्र पार पालटून टाकलं. म्हणून रियासत वाचून झाली म्हणजे इतिहास संपला, असं नाही. पण पाया घातल्याशिवाय माडी कुठली?

तुम्हाला असा नेम धरायचा असेल तर चार गोष्टी सांगते. पुस्तक रियासतच हवं असं नाही. आपल्या गावाशी, आपल्या किल्ल्याशी, आपल्या नदीशी ज्याचं नातं असेल ते घ्या. वेळ ठरवा आणि तो घरात जाहीर करा. चोरून वाचलेल्या वेळेवर सगळ्यांचा हक्क असतो, जाहीर केलेल्या वेळेला मान मिळतो. दिवाळीचा फराळ, पाहुणे, आजारपण यासाठी दोन-तीन आठवडे आधीच सोडून ठेवा. नेम मोडतो तो कामानं नाही, आता मागे पडलो या वाटण्यानं मोडतो. नकाशा जवळ ठेवा. मुलांचा जुना शालेय नकाशाही चालतो. आणि घरात ऐकणारं कुणी असेल तर मोठ्यानं वाचा.

शेवटचं एक सांगते. खंड वाचनालयात परत दिल्यावर वहीची मागची दोन पानं कोरी उरली होती. आमच्या घरात एक वंशावळ आहे, सासऱ्यांनी सुंदर अक्षरात लिहून चौकटीत लावलेली. सात पिढ्या. ती आता मी वंशावळी वाचायला शिकलेल्या डोळ्यांनी बघितली. सात पिढ्यांत एकाही बाईचं नाव नाही. मुलगे आपोआप झाल्यासारखे एकाखाली एक.

मी वही घेऊन सासूबाईंसमोर बसले. प्रत्येक सुनेचं सासरचं नाव, माहेरचं नाव, गाव कुठलं, किती मुलं झाली, किती राहिली. चार पिढ्यांपर्यंत त्यांना सांगता आलं. त्यापुढच्या तीन पिढ्यांच्या बायका गेल्या त्या गेल्याच. घराबाहेर गेलेल्या मुलींच्याही रेघा ओढल्या. मग एक पान उलटून त्यांच्या माहेरची वंशावळ काढली आणि आत्यांचं नाव लिहिलं. शेजारी काय लिहू, असं मी विचारलं. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "लिही, सवाष्ण."

तसंच लिहिलंय. तुमच्याही घरात अशी एक वही असेल, आणि सांगणारं कुणीतरी अजून असेल. आजच दुपारी विचारा.